सात टक्क्यांचं पाकीट

नागपूरच्या गांधीबागेतल्या छापखान्यात पोचले तेव्हा पाकिटांचे गठ्ठे बांधून झाले होते आणि आतल्या पत्राची प्लेट मशीनवर चढायची होती. आमच्या कंपनीला जुन्या गाड्यांवरच्या कर्जाच्या जाहिरातीची १८,००० पत्रं दसऱ्याआधी घरोघरी पोचवायची होती आणि छापण्याआधी मजकूर तपासणं माझं काम. तपासणीला माझ्याकडे फक्त पत्राची डमी, म्हणजे नमुना प्रत, आली होती. पाकिटाची कुणी पाठवलीच नव्हती, आणि पहिला घोळ तिथेच होता.

पाकिटावर लाल पट्टा, त्याखाली ‘एमएच-३१ वाहनधारकांसाठी अंतिम सूचना’ आणि कोपऱ्यात फिकट राजमुद्रा. पाठवणाऱ्याचं नाव मागच्या घडीवर, बारीक. असं पाकीट हातात पडलं की माणूस आरटीओची नोटीस समजूनच धास्तावून फोडणार. परवानगीशिवाय राजमुद्रा धंद्यासाठी वापरायला २००५ च्या कायद्याने मनाई आहे, त्यामुळे तिच्यावर वाद झाला नाही. वाद झाला तो ‘अंतिम सूचना’वर. माझं म्हणणं एवढंच होतं की पाकीट कुणाचं आणि ते जाहिरातीचं आहे, हे न फोडता कळलं पाहिजे.

“मॅडम, वरून स्टिकर लावून देऊ ना. माल तर छापून झाला, पोरं सकाळपासून गठ्ठे बांधून राहिले,” छापखान्याचे मालक म्हणाले. त्यांची अडचण खरी होती. पण टपालात स्टिकर सुटतो आणि खालची मुद्रा पुन्हा वर येते. पाकिटं रद्द केली.

पत्रावर मोठ्या ठशात ‘फक्त ७ टक्के व्याज’, पुढे एक स्टार. स्टारचा खुलासा तळाशी, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात: दर फ्लॅट. म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. दावा मराठीत असेल तर खुलासाही मराठीतच हवा आणि त्याच ठशात हवा, असं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र इथे नुसता अनुवाद करून भागणार नव्हतं, कारण दुखणं त्या आकड्यातच होतं.

६ लाख कर्ज, ६० महिने, ७ टक्के फ्लॅट. वर्षाला ४२,००० प्रमाणे पाच वर्षांचं व्याज २,१०,०००. परतफेड ८,१०,०००, म्हणजे हप्ता १३,५००. त्यात मुद्दल १०,००० आणि व्याज ३,५००. शेवटच्या महिन्यात मुद्दल १०,००० च उरलेलं असतं, तरी त्यावरही व्याज ३,५०० च! हाच हप्ता घटत्या शिल्लकेवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर, मोजला तर दर १२.५ टक्के निघतो. पडताळायला एक्सेलचं रेट सूत्र पुरतं: हप्ते ६०, हप्त्याची रक्कम उणे १३,५००, कर्ज ६,००,०००, आणि उत्तराला १२ ने गुणायचं. प्रोसेसिंग फी ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५,९०० कापून ५,९४,१०० च हातात येणार होते. कर्जाच्या जागी हा आकडा घातला की दर १२.९ च्या आसपास जातो.

मार्केटिंगवाल्यांचं उत्तर ठरलेलं: बाजारात सगळेच फ्लॅट लिहितात. लिहीत असतील. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी ग्राहकाला की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचा कागद, द्यावं लागतं आणि त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. घरी आलेल्या पत्रावर ७ आणि सहीआधीच्या कागदावर १२.९ असेल, तर ग्राहक आयोगात ते पत्रच आपल्याविरुद्धचा पुरावा. मी तर म्हणते, खरा दर शेजारी न लिहिता फ्लॅट दर छापणं ही फसवणूकच. बसस्टँडवर कंडक्टरकी करणाऱ्या माणसाने दोन सावकारांचे दर कशाच्या आधारावर ताडून पाहायचे?

नव्या मजकुरात हप्ता, मुदत, एकूण परतफेड, फी आणि एपीआर एकाच चौकटीत, एकाच ठशात घेतले. ‘पूर्वमंजूर’ काढलं, कारण उत्पन्नाची कागदपत्रं अजून कुणी पाहिलीच नव्हती. ‘अर्ज करण्यासाठी निमंत्रण’ लिहिलं.

मग पहिली पन्नास पत्रं यादीशी ताडली. सतराव्या ओळीपासून नाव एकाचं, रक्कम दुसऱ्याची. कुणीतरी एक्सेलमध्ये नावांचा रकाना एकटाच क्रमाने लावला होता. हे सुटलं असतं तर एकाच्या कर्जाची माहिती दुसऱ्याच्या घरात गेली असती. म्हणून प्रत्येक ओळीला ग्राहक क्रमांक जोडून यादी नव्याने काढली.

नवी पाकिटं खिडकीची आली, आतल्या पत्रावरचा पत्ता बाहेरून दिसेल अशी. ती चारही कडांवर टेबलावर आपटून पाहायची असतात. वरच्या कडेवर आपटलं की पत्र सरकून खिडकीत पत्त्याखाली कर्जाची रक्कम दिसायची, पोस्टमनलाही आणि शेजाऱ्यालाही. पत्रातली आकड्यांची चौकट १५ मिलिमीटर खाली घेतली, पुन्हा आपटलं, तेव्हा फक्त नाव-पत्ता राहिला.

एवढ्यात चार दिवस गेले. योजनेची मुदत दसऱ्यापर्यंतच ठेवली असती तर खेड्यांकडची पाकिटं मुदत संपल्यावर पोचली असती, म्हणून ती शेवटचा गठ्ठा टपालात पडल्यापासून तीस दिवस केली. गठ्ठे सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत गेले त्या दिवशी एक बंद पाकीट, यादीची तारीख आणि रेटच्या हिशेबाचा कागद असं तिन्ही एका फाइलीत लावलं.