बारा वाजून बत्तीस मिनिटांनी

सहावी ते आठवीच्या वर्गांचे वेळापत्रक कार्यालयाच्या भिंतीवर लावलेले असते आणि पाहणाऱ्याला ते नीटनेटके वाटते. साताऱ्याजवळच्या ज्या जिल्हा परिषद शाळेत मी सामाजिक शास्त्रांचा पदवीधर शिक्षक आहे, तेथेही ते तसेच आहे. घंटा झाली की मुले एक वही दप्तरात घालतात आणि दुसरी काढतात. पहिल्या वहीतले शिकलेलेही बहुधा तिच्याबरोबरच दप्तरात जाते, हे वर्गावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते; शिक्षण परिषदेत मात्र त्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही.

मुले शिकतात ते काही थोडे नसते. सहावीच्या भूगोलात अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते येतात, सातवीच्या भूगोलात ऋतुनिर्मिती येते, आणि आठवीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ स्थानिक वेळ व प्रमाण वेळ यांचा आहे. दुभाजक काढण्याची रचना सहावी-सातवीच्या गणितात होते, वर्तुळ सातवीत येते, आणि सातवीच्या विज्ञानात भौतिक राशींच्या मापनावर स्वतंत्र पाठ आहे. हे सगळे एका काठीच्या सावलीपाशी एकत्र आणता येते. ही कल्पना माझी नव्हे. आपल्याकडचे जुने ज्योतिषी शंकू, म्हणजे सावली मोजायचा उभा खुंटा, उभारून हेच करीत आणि सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथाच्या त्रिप्रश्नाधिकार या अध्यायात ही रीत दिलेली आहे. शाळेच्या अडचणी मात्र त्यात दिलेल्या नाहीत. सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो शून्य सावलीचा दिवस साताऱ्याला मेच्या दहा तारखेच्या सुमारास असतो, तेव्हा सुट्टी लागलेली असते; दुसरी संधी ऑगस्टच्या आरंभी येते, तेव्हा आमच्याकडे सूर्याचे दर्शन झाले तरी पुष्कळ. म्हणून मी २२ डिसेंबर निवडला. हवा स्वच्छ, शाळा पूर्ण वेळ, आणि श्रीनिवास रामानुजन यांचा तो जन्मदिवस २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होत असल्यामुळे काहीतरी उपक्रम करून त्याची छायाचित्रे लिंकवर चढवावीत, असा वरून आग्रहही होताच.

काठी उभी करून सावली मोजणे ऐकायला सोपे वाटते, पण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्याने सावलीचे टोक पुसट पडते, आणि तीन मुलांनी मोजले तर तीन उत्तरे येतात. यावर आम्ही केलेला उपाय मला आजही आवडतो. वाळूने भरलेल्या रंगाच्या डब्यात लोखंडी सळई रोवली, तिच्या माथ्यावर जाड पुठ्ठा उत्तरेकडे बाहेर निघेल असा आडवा बांधला आणि त्याला खिळ्याने भोक पाडले. भोक जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच येईपर्यंत पुठ्ठा वर-खाली केला. मग सातवीतल्या एका मुलाने घरून, म्हणजे गवंडीकाम करणाऱ्या वडिलांकडून, आणलेला ओळंबा त्या भोकातून सोडला आणि तो स्थिर झाल्यावर त्याच्या टोकाखाली प्रार्थनेच्या जागेच्या कोब्यावर फुली मारली. पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा वाटोळा ठिपका पडतो. त्याचा मध्य शोधणे सावलीचे टोक शोधण्यापेक्षा कितीतरी सोपे. फुली हा केंद्रबिंदू धरून सुतळी आणि खडूने एक मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले. ठिपका सकाळी वर्तुळाच्या बाहेर असतो, मध्यान्हाकडे आत शिरतो आणि दुपारी पुन्हा बाहेर पडतो. आत शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या वेळांचा बरोबर मध्य म्हणजे आपल्या गावाचा मध्यान्ह. थेट सर्वांत आखूड सावली पकडण्याच्या फंदात पडू नये, कारण मध्यान्हाच्या आगेमागे बराच वेळ तिची लांबी हललेली कळतच नाही.

ठिपक्याने ११ वाजून १७ मिनिटांनी वर्तुळ ओलांडले. तो परत केव्हा बाहेर पडेल हे सांगता येईना, त्यामुळे कोणाला तेथून हलता येईना. त्यातच मधल्या सुट्टीची वेळ झाली. पोषण आहाराची खिचडी घेऊन सातवीतली एक मुलगी ताटासह वर्तुळापाशीच येऊन बसली. डाव्या हातात खडू, उजव्या हाताने जेवण, आणि ठिपका वर्तुळाकडे सरकू लागल्यावर जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला ती "सावली पाडू नको रं" म्हणून ओरडत होती. १ वाजून ४७ मिनिटांनी तिने खूण केली. दोन्ही वेळांतले अंतर अडीच तास, त्याचे निम्मे सव्वा तास. ११:१७ मध्ये सव्वा तास मिळवला की १२:३२. दोन्ही खुणा केंद्राशी जोडून झालेल्या कोनाचा दुभाजक काढला, तेव्हा मोबाइलमधील होकायंत्राची उत्तर दिशा त्याच रेषेवर आली.

गणिताच्या शिक्षकांनी त्या दिवशी आपली तासिका द्यायला नकार दिला होता. त्यांना दोष देणे अवघड आहे. नियतकालिक मूल्यांकन चाचणी प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या तीनच विषयांची होते, शिष्यवृत्तीचा सराव वेगळा असतो, आणि निकालाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. भूगोलाचा जाब मला आजवर कोणी विचारलेला नाही, यातच भूगोलाची किंमत कळते. मात्र मुलांचा वाद ऐकून ते बाहेर आले आणि पुढचे काम त्यांनीच सोपे केले. मध्यान्हाच्या वेळी ठिपका फुलीपासून ८७ सेंटिमीटरवर होता. त्रिकोणमिती मुलांना येत नाही, तेव्हा त्यांनी वहीत १० सेंटिमीटर उंचीचा आणि ८.७ सेंटिमीटर पायाचा काटकोन त्रिकोण काढायला लावला आणि वरचा कोन कोनमापकाने मोजून घेतला. हा कोन, म्हणजे सूर्य डोक्यापासून जितका खाली होता तो, ४१ अंश भरला. त्या दिवशी सूर्य मकरवृत्तावर, म्हणजे २३.५ अंश दक्षिणेला असतो, हे सातवीला ऋतुनिर्मितीमुळे माहीत होते. वजाबाकी करून १७.५ उरले, ते आपले अक्षवृत्त. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आणि एका अंशाला चार मिनिटे, हे आठवीला माहीत होते. आपला मध्यान्ह ३२ मिनिटे उशिरा, म्हणजे आपण ८ अंश पश्चिमेला, म्हणजे आपले रेखावृत्त ७४.५. सहावीच्या मुलांनी नकाशावर बोटे फिरवली आणि आमची शाळा साताऱ्याच्या पूर्वेकडील मायणीच्या आसपास नेऊन ठेवली. नकाशातले सातारा १७ अंश ४१ मिनिटे उत्तर आणि ७४ अंश पूर्व असे आहे. एक सळई, एक पुठ्ठा आणि एक खडूचा तुकडा यांच्या बळावर पृथ्वीगोलावरची आपली जागा जेमतेम एका तालुक्याच्या चुकीने सापडली, याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

आसपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र असते; त्यावर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख छायाचित्रांसाठी आले होते. त्यांनी वर्तुळ कौतुकाने पाहिले आणि मग विचारले, "हे कोणत्या विषयात धरायचे? अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक काय टाकला?" टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी नियोजनात, विषयाचा रकाना एकच असतो, म्हणून मी भूगोल लिहिले. गणित दिनाच्या लिंकवर भूगोलाचा उपक्रम चालणार नाही, असे ठरले, आणि रांगोळीत काढलेल्या भूमितीच्या आकृत्यांची छायाचित्रे वर गेली.

एवढ्यावर हे प्रकरण संपते, तर मी लिहायला बसलो नसतो. पुढे आमच्या केंद्रातील शाळांसाठी एक सामाईक सराव प्रश्नपत्रिका आली. तिच्या भूगोलाच्या भागात चूक की बरोबर सांगायचे एक विधान होते: दुपारी बारा वाजता सूर्य आपल्या डोक्यावर असतो. उत्तरसूचीत 'बरोबर' होते. सातवीच्या जवळजवळ सर्व मुलांनी 'बरोबर' लिहिले, आणि त्यांत हातात खडू घेऊन खिचडी खाणारी ती मुलगीही होती. सूर्य बाराला मध्यान्हावर नव्हता हे तिने स्वतः टिपले होते, आणि मध्यान्हालाही तो डोक्यापासून ४१ अंश खाली होता हे तिच्याच वहीत काढलेले होते.

मी तिला वही उघडायला सांगितले आणि कारण विचारले. तिचा अजिबात गोंधळ झालेला नव्हता. "ते आपण बाहेर केलेलं, सर," ती म्हणाली. "हा पेपर हाय."

मला वाटले होते की मुलांना जोड घालता येत नाही, म्हणजे भूगोल करताना गणित आठवत नाही. तिला तर सगळे आठवत होते. कोणत्या कागदावर कोणते खरे चालते, हे ती प्रत्येक विषयाच्या तासाला निमूटपणे शिकत आली आहे. मराठीच्या वहीत 'माझा आवडता छंद' हा निबंध फळ्यावरून उतरवायचा असतो, विज्ञानाच्या वहीत न केलेल्या प्रयोगाचे निरीक्षण लिहायचे असते, आणि नागरिकशास्त्रात ग्रामसभेविषयी जे लिहायचे ते घरी ऐकलेल्या ग्रामसभेशी जुळत नाही. हे तिला कोणी शिकवले, असे विचारले तर आम्हां सर्वांनाच हात वर करावे लागतील, आणि उत्तरसूची काढणाऱ्यांना सर्वांत आधी.

'चूक' असे लिहिणारा एकच मुलगा होता, तोही ओळंबा आणणारा. उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेत तपासल्या गेल्या आणि त्याचा गुण गेला. मी उत्तरसूची दुरुस्त करण्याविषयी लेखी पत्र दिले, सोबत सातवीच्या वहीतील आकृतीची छायाप्रत जोडली. सराव परीक्षेसाठी एवढे ताणू नये, असे तोंडी उत्तर आले. तो मुलगा त्यावरून काय शिकला असेल, याचा मी अजून विचार करतो आहे. त्याने काही विचारलेले नाही.

विचारले ते त्या मुलीने. वार्षिक परीक्षेत असे विधान आले तर काय लिहायचे? मी तिला सांगितले की जे मोजले ते लिही, आणि शेजारी वेळ व कारण दोन्ही लिही. तिने प्रश्नपत्रिका माझ्यापुढे धरली आणि विधानासमोर बोट ठेवले. "चौकट एकच हाय, सर."