अँगोराचा शो
आज ओहायोत सशांच्या शोला आमची लांब लोकरीची इंग्लिश अँगोरा सशीण उतरवली. पहाटेपासून तिला मांडीवर घेऊन ब्लोअर मारत होते. सारखा ब्रश फिरवला की लोकर तुटते, म्हणून हवेनेच मोकळी करायची. बाई मात्र ब्युटी पार्लरमध्ये बसल्यासारख्या निवांत!

जजनी आधी डाव्या कानात गोंदलेला नंबर पाहिला, मग लोकरीत फुंकर मारली. गुलाबी कातडी दिसेपर्यंत. 'दाट आहे, पण पाठीवर आखूड.' तिसरा नंबर. स्पर्धेत किती होत्या ते विचारू नका 😄

आता लोकर कातरायची, मग वीण. साधारण ३१ दिवसांत पिल्लं. आईला फोटो पाठवला तर म्हणे, 'अगं, याचं तोंड कुठंय?'