मी पडलो, तरी परत चढते

कोथरूडला आमच्या स्पीच थेरपी केंद्रात शाळांच्या चिठ्ठ्या येतात, त्या बहुतेक ‘र’ नाहीतर ‘ळ’ येत नाही म्हणून. या चिठ्ठीत होतं : ‘मुलगी स्वतःला मुलगा समजते. मी आलो, मी पडलो म्हणते.’ वय सव्वाचार. आई घाबरूनच आली होती.

चित्रं दाखवली. गाय बसली, बैल बसला, वासरू बसलं. एकही चूक नाही. म्हणजे प्रश्न फक्त ‘मी’चा. तो तपासणं किचकट, कारण ‘मी पोळी खाल्ली’ मुलगाही म्हणतो आणि मुलगीही. तिथे क्रियापद पोळीप्रमाणे बदलतं. भूतकाळ तपासायचा तर येणं, पडणं, बसणं, झोपणं अशी अकर्मक क्रियापदंच वदवून घ्यावी लागतात. आमच्या छापील चाचणीत अशी वाक्यं दोनच आहेत. दोन वाक्यांवर मुलाबद्दल निकाल देणं मला अजिबात पटत नाही.

म्हणून बाहुल्या आणि घसरगुंडी काढली, पाऊण तास रेकॉर्डिंग केलं. “मी पडलो ना, तरी मी परत चढते.” रात्री घरी ऐकताना पेन हातातच राहिलं. भूतकाळात दरवेळी ‘लो’, वर्तमानात दरवेळी ‘ते’.

आजी कोल्हापूरच्या. तिकडे बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. आई पुण्याची, ‘मी आले’, ‘मी जाते’. पण हिच्यासारखं घरात कुणीच बोलत नाही! कार्ला हडसन कॅम आणि एलिसा न्यूपोर्ट या संशोधकांनी 2005 मध्ये बनावट भाषा शिकवून हेच तपासलं होतं : एकच गोष्ट कधी अशी, कधी तशी ऐकली की मोठी माणसं साधारण त्याच प्रमाणात सरमिसळ करतात, मुलं मात्र बऱ्याचदा स्वतःचा नियम बसवतात. हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. आता ते समोर बसून बिस्कीट खात होतं.

आईनं विचारलं, “सासूबाईंना सांगू का, तिच्याशी नीट बोला म्हणून?” चिठ्ठी आल्यापासून आजी नातीशी मोजकंच बोलत होत्या, हे तेव्हा कळलं. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. आजींना आत बोलावलं, म्हटलं, बोलताय तसंच बोला, भरपूर बोला.

अहवालात ‘विकार नाही’ असं लिहिलं. शाळेतून फोन आला, “मग दुरुस्त कधी होणार?” व्याकरण घडताना ऐकू येत असतं आणि आपण त्यावर लाल पेन चालवतो.

चाचणीच्या कागदावर ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे दोनच रकाने आहेत. तिच्या 11 ‘लो’वाल्या वाक्यांसमोर मी अजून कुठेच खूण केलेली नाही.