स्पार टिकला, आता खालचा कार्बन काढतोय

काल माझ्या मॉडेल ग्लायडरच्या पंखाने आणि त्यातल्या स्पारने (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्याने) दीडपट भार पेलला! पंख उलटा ठेवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचल्या आणि सगळं चांगलं मिनिटभर ठेवलं. कुठेही कटकन आवाज आला नाही. दीडपटीचा आकडा प्रवासी विमानांच्या नियमांतून उचललाय: उड्डाणात येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भार रचनेने किमान तीन सेकंद न मोडता सोसला पाहिजे.

आता आधी मोडत असलेल्या त्या छळवादी सांध्याबद्दल. डायहेड्रल ब्रेस (पंखाचे भाग किंचित वर वळवून जोडणारी आतली पट्टी) जिथे संपते, नेमका तिथेच स्पारची वरची पट्टी चिरडायची. ब्रेस जाड केली, तरी तिथेच. वर कार्बनची पट्टी चिकटवली, तर मोड एका रिबने (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळीने) पुढे सरकला, एवढंच. तुकडे भिंगाखाली धरले तेव्हा लाकडाचे तंतू दाबाने दुमडलेले दिसले, ताणाने तुटलेले नव्हते. म्हणजे ताकद कमी पडत नव्हती, ताठपणा एकाएकी संपत होता आणि सगळा भार त्या एका रेषेवर येत होता. 1954 मध्ये कोसळलेल्या कॉमेट विमानांच्या चौकशीतही असंच काहीसं निघालं: पत्र्यात कापलेल्या खिडक्यांच्या कोपऱ्यांशी ताण एकवटत होता आणि केबिनमधला हवेचा दाब दर उड्डाणात कमी-जास्त झाल्याने तिथून भेगा वाढत गेल्या. तिथे धातूचा थकवा, इथे एका झटक्यातला मोड, पण भार साचण्याची तऱ्हा तीच.

म्हणून ब्रेसची टोकं लांब तिरकी कापली आणि शीअर वेब (स्पारच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना जोडणारी उभी भिंत) उभ्या रेषांच्या बाल्साची, म्हणजे अगदी हलक्या लाकडाची, करून रिबांमधल्या पुढच्या दोन खणांपर्यंत नेली. वजन जेमतेम वाढलं. सांध्याला संथ इपॉक्सीच वापरा. सीए (सुपरग्लूसारखा गोंद) झटपट धरतो, पण ठिसूळ राहतो. आणि बाल्सा वजन करूनच घ्या. एका दुकानाने ‘हलका’ म्हणून पाठवलेल्या गठ्ठ्यात दगडासारख्या पट्ट्या निघाल्या.

खरं तर पुढचा बेत दोन्ही बाजूंनी जाड कार्बन लावायचा होता. पण हे लिहिता लिहिताच तो बदलतोय. लाकूड ताणात दाबापेक्षा बरंच जास्त सोसतं, मग ताणाच्या बाजूला, म्हणजे खाली, कार्बन कशाला? कित्येक प्रवासी जेटच्या पंखातही वरच्या पत्र्याला 7000 मालिकेतलं दाबाला खंबीर ॲल्युमिनियम असतं आणि खालच्याला 2024 क्रमांकाचं ॲल्युमिनियम, कारण त्यात भेग सावकाश वाढते आणि तपासणीत सापडायला वेळ मिळतो. आत माणसं बसलेली असताना नुसत्या ताकदीपेक्षा हा वेळ मोलाचा. कार्बन हलका आणि ताठ खरा, पण तो वाकून इशारा देत नाही, थेट तुटतो. त्यामुळे कार्बनच्या विमानांत त्यावरचा ताण मुद्दाम बराच कमी ठेवतात.

तर खाली स्प्रूसचं लाकूड, वर कार्बन, आणि दोन्ही पट्ट्या टोकाकडे निमुळत्या, कारण तिथे वाकवणारा जोर नगण्य असतो. टोकाचं वजन उतरलं की रोलही (कुशीवर कलणंही) चपळ होईल. डावा पंख आधी करतो, पुन्हा पिशव्या रचतो, मगच वरून आवरणाची फिल्म चढवतो. स्प्रूसची पट्टी निमुळती करायला रंधा बरा की सँडिंग ब्लॉक, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.