मे महिना, बर्डीची बस आणि एक फाइल

सोमवार

टेबलावर आलेल्या फाइलीवर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता. त्याचा गोल डाग नेमका प्रस्तावाच्या शेवटच्या परिच्छेदावर. विषय: दक्षिण नागपुरातल्या वस्त्यांकडून बर्डीला, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीला, येणाऱ्या एका बसमार्गाच्या सकाळच्या फेऱ्या कमी करणे. मार्ग कोणता, प्रस्ताव कुणाचा, हे लिहीत नाही. नोकरी अजून बरीच वर्षं करायची आहे. मजकूर पाठ असल्यासारखा: भारमान (बसमधल्या जागांपैकी भरलेल्या जागांचं प्रमाण) कमी, किलोमीटरमागे उत्पन्न खर्चाच्या निम्मंही नाही, सबब फेऱ्या निम्म्यावर आणाव्यात, आर्थिक अभिप्रायासाठी सादर.

तो आर्थिक अभिप्राय म्हणजे मी. सासऱ्यांना अजूनही वाटतं की सून बँकेसारखं काहीतरी करते. डिसेंबरात अधिवेशन आलं की आमची रात्र तारांकित प्रश्नांची उत्तरं जुळवण्यात जाते, मार्चमध्ये निधी खर्ची पाडण्याची धावपळ, आणि मे महिना बदल्यांचा. त्यामुळे मे महिन्यात आलेल्या फाइलीकडे जरा निवांत बघता येतं. ज्याला घाई असते तो स्वतःच बदलून जाणार असतो.

तिकिटांच्या मशीनचा डेटा मागवला होता, तो संध्याकाळी आला. बसून पाहिला. मशीनला टप्पे कळतात, थांबे नाही. बाई मधल्या कुठल्याही थांब्यावर चढो, तिकीट निघतं मागच्या टप्प्यापासून. आणि मशीनला माहीत असतात ती चढलेली माणसं. वीस मिनिटं उभं राहून, कंटाळून ऑटोत बसलेला माणूस मशीनच्या लेखी जन्मालाच आलेला नाही. प्रस्तावातलं भारमान या मशीनवरून काढलेलं. बेरीज-भागाकार बरोबर आहे, मी दोनदा तपासला.

मंगळवार

पारा ४४ च्या वर. कूलरचं पाणी संपलं, शिपाई लग्नाला गेलेला. दुपारी एक ओळ लिहून झाली नाही.

कामाच्या निमित्ताने भर दुपारी बाहेर पडावं लागलं तेव्हा चौकात सिग्नल बंद. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे काही सिग्नल बंद ठेवतात, काही चौकांत वर हिरवी जाळी ताणतात. दुचाकीवाल्याला मिनिटभरही उन्हात तिष्ठावं लागू नये म्हणून. मला ते मनापासून आवडतं, स्कूटी माझीही आहे. पण याचा अर्थ असा की उन्हात उभं राहणं हा खर्च आहे, हे या शहराला पटलेलं आहे. एका मिनिटापुरतं का होईना. मग अर्धा तास थांब्यावर उभं राहणाऱ्याचा हा खर्च कुठल्या रकान्यात जातो? फाइलीत शोधला. डिझेल आहे, टायर आहेत, चालक-वाहकाचा पगार आहे. तो रकानाच नाही.

बुधवार

पहाटे उठून मानेवाड्याच्या पलीकडच्या एका थांब्यावर गेले. नवऱ्याने विचारलं, "हे ऑफिसने सांगितलं का?" नाही म्हटल्यावर कूस बदलून झोपला.

शेड आहे. पाठीवर कोचिंग क्लासची जाहिरात, बाकाच्या जागी नुसते दोन लोखंडी पाय उरलेले. पावणेसहाला तिथे आठ-दहा बाया. धंतोली, रामदासपेठ, धरमपेठेत धुणंभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या. दोघी एका दवाखान्यात आया. हातात नायलॉनच्या पिशव्या, त्यात डबा, पाण्याची बाटली आणि उन्हासाठी दुपट्टा. मला बघून आधी त्यांना मी सर्व्हेवाली वाटले, मग योजनेवाली. एकीने तर आधार कार्डच बाहेर काढलं.

बसने जात नाही का, विचारलं.

"बसचं काय सांगता मॅडम, आली तं आली," त्यातली वयाने मोठी म्हणाली. "मले साडेसहाले पोचा लागते. त्या घरचे साहेब सातले निघते. बसच्या भरोशावर रायलं तं कामच जाते."

"पण स्वस्त पडते ना?"

"स्वस्त हाय नं. पण कधी येईन थे तिलेच माईत."

तेवढ्यात ऑटो. "बर्डी बर्डी, मेडिकल, एक सीट, एक सीट!" मागे चौघी, पुढे चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि तरीही तो 'एक सीट' म्हणतच होता. या बाया सलग जात नाहीत. इथून मेडिकल चौक ही एक सीट, तिथून बर्डी दुसरी, बर्डीहून धरमपेठ तिसरी. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, सुटे द्यायचे, पुन्हा थांबायचं. मोठी म्हणाली, एका घरचा पगार जवळजवळ ऑटोतच जाते. तिची घरं तीन.

मेट्रो त्यांच्या कामाची नाही. एक मार्गिका खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दुसरी लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, दोन्ही बर्डीला एकमेकींना छेद देतात. हुडकेश्वर, मानेवाडा, उमरेड रोड हा सगळा कोपरा त्या अधिकच्या चिन्हाच्या बाहेर राहतो. मेट्रोला नावं ठेवत नाही. लोकमान्य नगरहून बर्डीला जाणाऱ्याला विचारा, तो दुवा देईल. पण अधिकच्या चिन्हाच्या चार कोपऱ्यांत जी माणसं राहतात त्यांच्यासाठी बसच आहे, नाहीतर ऑटो.

मी तिथे असताना पहिली बस आली ती भरलेली. तिच्या मागे पाच मिनिटांत दुसरी, जवळपास रिकामी. कंडक्टर खिडकीला डोकं टेकवून बसलेला. मग ५५ मिनिटं काही नाही. वेळापत्रकात मात्र तासाला दोन बस, म्हणजे अगदी नियमात.

हे तिथेच वहीत मांडलं. दर अर्ध्या तासाने एक बस सुटली असती तर थांब्यावर येणाऱ्या माणसाने सरासरी १५ मिनिटं वाट पाहिली असती. त्याच दोन बसमध्ये ५ आणि ५५ मिनिटांचं अंतर पडलं की सरासरी २५ च्या वर जाते, कारण बहुतेक माणसं त्या लांबलचक पोकळीतच थांब्यावर पोचतात. त्या पोकळीत ऑटो येतात आणि माणसं उचलून नेतात. आणि मागची जी रिकामी बस, ती सगळ्या मार्गाचं भारमान खाली ओढते. त्यावरून प्रस्ताव तयार होतो की प्रवासीच नाहीत, फेऱ्या कमी करा. कमी केल्या की वाट आणखी लांबते आणि उरलेलेही ऑटोत. पुढच्या वर्षी पुन्हा फाइल.

ऑटोवाल्यांना मी खलनायक करणार नाही. सकाळी सहाला त्या वस्तीची वाहतूक खरी तेच चालवतात, एका पैशाच्या अनुदानाशिवाय.

गुरुवार

वेळेची किंमत. या विषयावर रात्री लिहायला बसू नये, डोकं तापतं. तरी.

रस्ता, पूल, मेट्रो, काहीही मंजूर करायचं तर आम्ही फायदे पैशात मांडतो, आणि त्यातला मोठा हिस्सा असतो वाचलेल्या वेळेचा. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर अट घातली की प्रकल्पाचा आर्थिक परतावा १४ टक्के दिसला पाहिजे. नुसता तिकिटाचा नफा बघायचा नाही, समाजाला होणारा फायदा धरायचा. धोरण म्हणून हे योग्यच पाऊल होतं. नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा, ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटींचा, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मंजूर केला, तोही अशाच चाळणीतून.

आता गंमत अशी की बससाठी कुणी ही चाळणी लावत नाही. मेट्रोला विचारतात, समाजाला काय मिळेल? बसला विचारतात, किलोमीटरमागे किती मिळाले? एकाच शहरातली, एकाच माणसाला नेणारी दोन वाहनं, आणि दोन वेगळ्या वह्या.

बरं, वेळ मोजायची तर कुणाची कितीला? भारतीय रस्ते काँग्रेसची एसपी-३० म्हणून पुस्तिका आहे, तिच्यात मोटारीतल्या प्रवाशाच्या तासाची किंमत बसमधल्या प्रवाशाच्या तासापेक्षा जास्त धरतात. तर्क साधा आहे, ज्याची कमाई जास्त त्याचा तास महाग. पुस्तकी अर्थशास्त्र म्हणून त्यात चूक काढता येत नाही. पण हे गणित शहरावर चालवलं की उड्डाणपूल दर वेळी बसवर मात करतो, कारण पुलावर महाग तास धावतात आणि थांब्यावर स्वस्त तास उभे असतात. काही देशांत म्हणूनच कामावर येण्याजाण्याच्या वेळेला सगळ्यांसाठी एकच दर लावतात. आपल्याकडेही लावता येईल. कायदा आड येत नाही, सवय येते.

आणि ते सातला निघणारे साहेब? त्यांचा डबा कोण करतं? ती बाई अर्धा तास उशिरा आली तर त्यांचा महाग तास कुठे जातो, हे एसपी-३० मध्ये नाही.

थांबून राहण्याचा मिनिट बसमध्ये बसलेल्या मिनिटापेक्षा जास्त जाचतो, हेही जुनंच ज्ञान. साधारण दुप्पट धरतात. हे दुप्पट बहुतेक थंड देशांतल्या अभ्यासांमधून आलंय. मे महिन्यात दुपारी दीडला मेडिकल चौकात उभं राहून कुणी हा गुणक काढला तर मला कळवा.

शनिवार

हर्बर्ट मोहरिंग नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये एक सरळ गोष्ट दाखवली. बसला प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचीच वाट बघण्याची वेळ कमी होते. म्हणजे नव्याने आलेला प्रवासी जुन्यांना फायदा देतो, पण तिकिटाच्या हिशेबात तो कुठेच दिसत नाही. बसला अनुदान द्यावं याचं हे अर्थशास्त्रीय कारण, दयामाया नाही. उलटंही तितकंच खरं. फेरी तोडली की जे कुणी उरतात त्या सगळ्यांना दंड बसतो.

एम.ए.ला असताना हे फळ्यावर शिकले होते. तेव्हा उत्तर लिहून मार्क मिळाले, संपलं.

भाडं कमी केलं तर माणसं येतात हे आपण एसटीत पाहिलं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं आणि कोण कोण प्रवासाला निघालं! माझी भंडाऱ्याची मावशी, जी लग्नकार्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हती, ती आता बहिणीकडे जेवायला म्हणून येते. ही मागणी आधीही होतीच, कुठल्या तक्त्यात नव्हती एवढंच. पण शहरात सकाळी सहाला कामावर जाणाऱ्या बाईला भाड्यापेक्षा भरवसा हवा. बुधवारी एकीनेही 'तिकीट कमी करा' म्हटलं नाही. सगळ्या एकच म्हणत होत्या, टायमात येऊ द्या.

दुपारी करारांचे नमुने चाळले. हल्ली शहरी बस चालवणाऱ्याला सहसा किलोमीटरमागे पैसे मिळतात, तिकीट कितीही निघो. आणि अशा करारांत किमान किलोमीटरची हमी असते; त्याहून कमी चालवलं तरी काही रक्कम द्यावीच लागते. प्रस्तावातली बचत मात्र पूर्ण किलोमीटर गुणिले पूर्ण दर अशी काढली आहे. म्हणजे फेऱ्या तोडून वाचणार म्हणतात त्यातला काही भाग वाचणारच नाही. हे मला सापडलं तेव्हा खरं सांगते, आनंद झाला. आमच्या ऑफिसातल्या साहेबांना मोहरिंग पटेल न पटेल, हमी किलोमीटर पटणारच.

सोमवार

अभिप्राय दिला. फेऱ्या कमी करण्यास आर्थिक आधार दिसत नाही. आहेत त्याच बस, तेच किलोमीटर ठेवून सकाळी साडेपाच ते साडेआठ सुटण्याच्या ठिकाणी अंतर काटेकोर पाळावं, तीन महिने बघावं, आणि भारमान मशीनवरून न काढता थांब्यावर माणसं मोजून काढावं. परतीची दुपार, एक ते तीन, हाही प्रश्न आहे. पण तो मी दुसऱ्या परिच्छेदात ढकलला. एका फाइलीत दोन मागण्या केल्या की दोन्ही जातात.

साहेबांनी वाचून चष्मा काढला. "मॅडम, अभिप्राय मागवला होता, प्रबंध नाही."

मग हमी किलोमीटरचं पान उघडलं, पेन्सिलने रेघ मारली, आणि पाच मिनिटं काही बोलले नाहीत. माणूस वाईट नाही. स्वतः विद्यार्थी असताना मोर भवनातून सुटणाऱ्या बसने कॉलेजला जायचे, हे त्यांनीच आज सांगितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण थांब्यावर उभं राहून मोजणार कोण?"

मी म्हटलं, संख्याशास्त्राच्या पोरांना लावू, सुट्ट्या आहेत, थोडं मानधन देऊ.

"मानधन कुठल्या लेखाशीर्षातून?" म्हणजे बजेटच्या कुठल्या खात्यातून.

शेरा पडला: 'चर्चा करावी. लेखाशीर्षासह पुनश्च सादर.' उद्या लेखा शाखेत जायचंय, अकराच्या आत, कारण तिथले बाबू नंतर जागेवर भेटत नाहीत. पोरांना टोप्या आणि पाण्याचे कॅन द्यावे लागतील, तो खर्चही त्यातच टाकते.