गंडोल्यात कोणी काही विकत नाही

गुलमर्गला जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे काय काय नाही याची जाणीव पायथ्याच्या तंगमर्गपासूनच करून दिली जाते. गमबूट नाहीत. कोट नाही. ड्रायव्हर गाडी थेट एका दुकानासमोरच उभी करतो आणि भर जूनमध्ये आपण कुणाकुणाच्या अंगचा वास मुरलेला, भाड्याचा फरचा कोट चढवून पुढच्या घाटाला लागतो. वर पोचल्यावर कळतं की आपल्याकडे गाईडही नाही, स्लेजही नाही, फोटोग्राफरही नाही. ‘सर, गंडोला बहोत दूर है’ असं सांगणारा घोडेवाला आपल्याबरोबर गंडोल्याच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दारापर्यंत चालत येतो. त्यांचंही चुकत नाही म्हणा. पर्यटक असतात तेवढ्याच दिवसांत वर्षाची बेगमी करायची, तर पाठ सोडून कसं चालेल?

या सगळ्या बाजारात एकच जागा अशी आहे जिथे कोणी काही विकायला येऊ शकत नाही, ती म्हणजे गंडोल्याचा डबा.

त्या डब्यात शिरण्याचीही एक तऱ्हा आहे. तो थांबत नाही. स्टेशनात येतो, गोगलगायीच्या चालीने वळसा घेत राहतो आणि तेवढ्यात सहा जणांनी चढायचं. कर्मचारी ‘जल्दी जल्दी’ करत कोपराला धरून आत सारतात, दार आपोआप मिटतं. वरचा दोर मात्र सगळा वेळ त्याच वेगाने पळत असतो. डब्याच्या डोक्यावर एक पकड आहे. स्टेशनात ती दोर सोडते म्हणून डबा हळू होतो, बाहेर पडताना पुन्हा दोर धरते. तो धरण्याचा क्षण बसल्या जागी कळतो. एक हिसका बसतो, जमीन खालून निघून जाते आणि शेजारच्या काकू ‘पांडुरंगा’ म्हणतात.

काकू सांगलीच्या. बरोबर काका, माकडटोपीत. ओळख रांगेतच झालेली. दोन मराठी कुटुंबं काश्मीरमध्ये एका रांगेत उभी राहिली की गावं, जावई आणि हॉटेलातल्या पोळ्यांची जाडी यावर बोलणं होतंच. तिकिटं घरूनच ऑनलाइन काढावी लागतात, ती काढताना आपापल्या मुलांची कशी दमछाक झाली हेही सांगून झालं होतं. ‘लाईट गेली तर?’ काकूंनी विचारलं. काका म्हणाले, ‘जनरेटर असतो.’ अशा रोपवेला डिझेल इंजिनाची सोय ठेवलेली असते, म्हणजे उत्तर बरोबरच होतं, पण ते ज्या ठामपणे आलं त्यावरून काकांना ते माहीत नव्हतं हे आम्हा सगळ्यांना कळलं.

पहिला टप्पा १९९८मध्ये सुरू झाला, दुसरा २००५मध्ये. यंत्रणा पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीची. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा खालचं स्टेशनच हजार मीटरने उंच. तिथून कोंगदूरी, म्हणजे पहिल्या टप्प्याचं वरचं स्टेशन, नऊएक मिनिटांवर. या नऊ मिनिटांत करण्यासारखं काहीही नसतं. उतरता येत नाही, घासाघीस करायला कोणी नाही, ड्रायव्हरला ‘जरा हळू’ म्हणायची सोय नाही. बसमध्ये श्रीनगरपासून भेंड्या लावणारी मंडळी इथे गप्प बसतात. फक्त खांब आला की डबा चाकांवरून खडखडतो, मग किंचित खाली झुकल्यासारखा होतो आणि सगळे एकमेकांकडे बघून हसतात.

आणि हात हलवतात. समोरून उतरणारा डबा आला की आतल्या अनोळखी माणसांना हात करायचा, हे कोणी कोणाला शिकवलेलं नसतं. आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाशी नजर टाळून मोबाईलकडे बघणारे आपणच, इथे एका पंजाबी कुटुंबाला अगदी दोन्ही हातांनी टाटा करत होतो. आत्ता दिसलेला माणूस पुन्हा भेटणार नाही, मेन्टेनन्सचा विषय काढणार नाही, याची खात्री असली की माणूस प्रेमळ होत असावा.

कोंगदूरीच्या अलीकडे सूचिपर्णी झाडं विरळ होतात आणि पायांखाली गुज्जर पशुपालकांचे कोठे, म्हणजे घरं, दिसतात. लाकडाच्या ओंडक्यांवर माती लिंपलेली सपाट छपरं आणि त्या छपरांवर गवत उगवलेलं. एका छपरावर फुलंही होती, पिवळी. बाजूला सरपण रचलेलं, दोरीवर लाल शाल, अंगणात एक बाई काहीतरी निवडत बसलेली. आमची सावली तिच्या अंगणातून सरकत गेली तरी तिने मान वर केली नाही. का करावी? उन्हाळाभर तिच्या डोक्यावरून माणसांनी भरलेले डबे जातच असतात. ही मंडळी हिवाळ्यात खालच्या मुलखात उतरतात आणि उन्हाळा लागला की जनावरं घेऊन पायी पुन्हा वर येतात.

आपल्या रायगडच्या रोपवेचं खालचं स्टेशन हिरकणीवाडीत आहे. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या लेकरासाठी अंधारात कडा उतरून गेलेल्या गवळणीची कथा ज्या नावाशी बांधलेली, तिथूनच आपण चार-पाच मिनिटांत कडा चढतो, तेही वेफर्स खात. मला त्यात अपराधी वगैरे वाटत नाही. माझ्या आईला गुडघ्यांनी रायगडाच्या पायऱ्या कधीच चढू दिल्या नसत्या. जगदीश्वराचं देऊळ तिने पाहिलं ते या रोपवेमुळे. ‘चालत गेल्याशिवाय गड कळत नाही’ म्हणणाऱ्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत, एवढंच.

दुसरा टप्पा वाऱ्याच्या मर्जीवर. वारा वाढला की बंद. त्या दिवशी चालू होता. झाडं संपली, मग खडक आणि घळींमध्ये साचलेला मळकट बर्फ. कानांत दडे बसले. काकूंनी पर्समधून सांगलीच्या भडंगाचं पाकीट काढलं तर ते टम्म फुगलेलं. या टप्प्याचं वरचं, अफरवाटचं स्टेशन साधारण ३,९५० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने एक तृतीयांशाहून जास्त उतरलेला असतो, पण पाकिटात मात्र सांगलीचीच हवा. काकू ते पाकीट कानाशी धरून बघत होत्या. ‘फुटेल का हो?’ काका म्हणाले, ‘जनरेटर आहे.’ या वेळी मात्र विनोद होता.

वर काय आहे? गार वारा, उतरलेले ढग, दम. ढग हलले की नंगा पर्वत दिसतो म्हणतात, आणि दिसतोही, फक्त प्रत्येक फोटोवाला वेगळ्या शिखराकडे बोट दाखवतो. मॅगी मिळते. स्लेजवाले आहेतच. बर्फाचा गोळा एकमेकांवर फेकला, फोटो झाले, बोटं बधिर झाली की सगळ्यांना एकदम परतीच्या रांगेची आठवण होते.

उतरताना आमच्या डब्यात एक स्लेजवाला पोरगा शिरला. वर त्याने काकांना पंधरा मिनिटं सोडलं नव्हतं. इथे समोर बसला, पण स्लेजचं नाव काढलं नाही. काकूंनी पाकीट फोडलं, त्याच्या ओंजळीत भडंग ओतलं. खाता खाता तो विचारू लागला, तुमच्याकडे डोंगर आहेत का? काकांना विषय मिळाला. त्यांनी माथेरान सांगितलं: मोटारींना बंदी, घोडे, झाडीतल्या वाटा. घोड्यांवर पोराचे डोळे लकाकले. रेट काय, कोण ठरवतं, किती वेळ फिरवतात, सगळं विचारून घेतलं.

‘और बर्फ?’

‘बर्फ नहीं. लाल मिट्टी.’

‘ऊंचा है बहोत?’

काकांनी जरा हिशेब केला. ‘इधर का पांचवां हिस्सा.’

पोरगा भडंग चघळत बराच वेळ विचारात पडला. ‘तो लोग जाते क्यूं हैं वहां?’

काका खिडकीबाहेर बघू लागले. काकूंनीच उरलेलं पाकीट त्याच्या हातात दिलं आणि चक्क मराठीत सांगितलं, ‘चिक्की आणायला.’