पट्टी, खांदा आणि स्टॅबिलायझर : अकराव्या आठवड्याची नोंद

संगणकाला जोडलेल्या चित्रकलेच्या टॅब्लेटवर पेनाने रेघा काढायला शिकतेय. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की त्या आता जमायला लागल्यात. ते मागे घेते. रेघा मला जमत नव्हत्या, स्टॅबिलायझरला, म्हणजे रेघ आपोआप सावरणाऱ्या सोयीला जमत होत्या.

झालं असं की संगणक साफ केला, क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं आणि सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या कोऱ्या झाल्या. हे लक्षात न घेता नेहमीचं चित्र उघडलं. शाल पांघरलेला एक म्हातारा, त्याच्या मानेपासून दंडापर्यंत एकच लांब उतरती रेघ हवी होती. उमटली ती अशी, की बैलगाडीत बसून काढली असावी. दुसरी तशीच, तिसरी तर आणखी वाईट. तेव्हा ब्रशच्या टूल ऑप्शन्स उघडून पाहिल्या: स्मूदिंग, म्हणजे रेघ गुळगुळीत करायची सोय, ‘साधं’. आणि मी गेले दोन महिने ‘स्टॅबिलायझर’वर होते. जरा हललं की आकडा थोडा वर, पुन्हा हललं की आणखी वर, असं करत करत तो कुठे जाऊन पोचला होता याचा मला पत्ताच नव्हता.

स्टॅबिलायझर काय करतो ते ढोबळपणे सांगायचं तर पेनाच्या मागच्या बऱ्याच बिंदूंची सरासरी काढतो आणि रेघ त्या सरासरीवरून नेतो. म्हणून रेघेचं टोक पेनाच्या मागे रेंगाळतं. थरथर पुसली जाते हे खरं, पण सोबत आपण मुद्दाम घेतलेलं वळणही पुसलं जातं. आता जुनी चित्रं उघडून बघितली तर बाहीच्या सगळ्या चुण्या गोलगोल, जणू रबराच्या. कोपराशी कापड जिथे काटकोनात मोडतं तिथेही गोलाई. मला ती माझी ‘शैली’ वाटत होती!

मग ठरवलं, हलतंय कोण ते आधी शोधायचं. हात की टॅब्लेट?

याची चाचणी सोपी आहे. प्लास्टिकची पट्टी टॅब्लेटवर तिरकी ठेवायची आणि तिला टेकवून पेन अगदी सावकाश ओढायचं. स्मूदिंग पूर्ण बंद. पट्टी धातूची नको, कारण बिनबॅटरीचं पेन पृष्ठभागाखालच्या तारांच्या चुंबकीय क्षेत्रावर चालतं आणि धातू त्यात गडबड करू शकतो. पट्टी असूनही रेघेत ठरावीक अंतराने लाट दिसली तर दोष टॅब्लेटचा, ती लाट सरावाने जाणार नाही. रेघ सरळ आली तर दोष कुणाचा ते वेगळं सांगायला नको.

माझी सरळ आली. थोडी निराशाच झाली खरं तर, नवीन टॅब्लेट घ्यायला छान निमित्त मिळालं असतं.

तर हात. निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक थरथरतो, ते कुणालाच चुकत नाही. आता हिशेब करा. म्हाताऱ्याच्या खांद्याची रेघ मी जपून जपून चार सेकंदांत काढत होते, म्हणजे तिच्यात तीस-चाळीस थरथरी बसल्या. तीच रेघ अर्ध्या सेकंदात ओढली तर चार-पाचच, आणि त्याही लांबीभर पसरून जातात. सावकाश काढलं की रेघ स्थिर येईल, ही माझी पक्की समजूत होती. नेमकं उलटं निघालं. त्यातून माझ्या टॅब्लेटची रुंदी पडद्याच्या निम्मी आहे, म्हणजे हात एक मिलिमीटर हलला की पडद्यावर दोन दिसतो. कागदावर बरी रेघ काढणारी माणसं इथे येऊन का रडतात, त्याचं एक कारण हे असणार.

आता रोजचा सराव असा. दोन ठिपके द्यायचे, पेन टेकवण्याआधी हवेतच त्यांच्यावरून दोन-तीनदा फिरवायचं आणि मग न थांबता एका दमात ओढायचं. मनगट टेबलाला चिकटवायचं नाही, हालचाल खांद्यातून. पहिले तीन दिवस दुसऱ्या ठिपक्याच्या पार पुढे जात होते, रेघ गुळगुळीत पण निशाणा भलतीकडे. चौथ्या दिवशी लक्षात आलं की नजर पेनाच्या टोकावर होती. ती दुसऱ्या ठिपक्यावर ठेवली की हात आपोआप तिकडे जातो. रोज ५० रेघा काढते. सोमवारी त्यातल्या ११ ठीक होत्या, काल २९. ‘ठीक’ म्हणजे दोन्ही ठिपक्यांना लागलेली आणि मध्ये पोट न आलेली. मोजणारी मीच, तेव्हा थोडी सूट धरा.

झूमबद्दलही मत बदललं. आधी मी तीनशे टक्क्यांवर जाऊन लांब रेघेचे तुकडे जोडत बसायचे, आणि सांधा हमखास दिसायचा. पूर्ण चित्र पडद्यावर ठेवलं तर रेघ टॅब्लेटवर बोटाएवढी होते आणि थरथरीला मोकळं रान मिळतं. आता झूम असा ठेवते की रेघ टॅब्लेटवर साधारण वीतभर येईल. कॅनव्हास फिरवायला तर अजिबात लाजायचं नाही. क्रिटात ४ आणि ६ या कळांनी तो फिरतो, ५ ने सरळ होतो. माझा हात खालून डावीकडून वर उजवीकडे चांगला जातो, मग प्रत्येक रेघ त्या दिशेला आणून काढते.

शोधाशोध करताना आणखी एक गंमत सापडली. माझी वर्तुळं कायम थोडी बसकी यायची आणि मी हाताला बोल लावायचे. टॅब्लेटचं प्रमाण १६:१०, पडद्याचं १६:९. पूर्ण टॅब्लेट पूर्ण पडद्यावर ताणला की उंची दहा टक्क्यांनी दबते आणि ४५ अंशांची रेघ ४२ वर येते. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘प्रमाण कायम ठेवा’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यावर खूण केली, खालची थोडी पट्टी निकामी झाली, वर्तुळं गोल झाली. दोन महिने!

रेघेच्या सुरुवातीला येणारी बारीक ठेच मात्र वेगळी होती. पेन दाबून धरलं की उजवी क्लिक समजायची, अशी ऑपरेटिंग सिस्टीमची सोय चालू राहिली होती, त्यामुळे पहिला क्षण ती वाट बघत बसायची. बंद केली. निब, म्हणजे पेनाचं टोक, तीही बदलली, जुनी एका अंगाने घासून छिन्नीसारखी झाली होती आणि एका दिशेला अडखळायची.

स्टॅबिलायझर कायमचा सोडला का? नाही. केसांच्या लांब बटा आणि अक्षरांची वळणं यांना तो लावते, पण आता चालू आहे की बंद हे टूल ऑप्शन्समध्ये आधी बघून घेते. बाकी सगळं ‘साध्या’ स्मूदिंगवर.

म्हाताऱ्याची खांद्याची रेघ शेवटी सतराव्या खेपेला आली. मध्ये जराशी जाडसर आहे, तिथे दाब वाढला. दाबाच्या कर्व्हला, म्हणजे किती दाबलं की रेघ किती जाड ते ठरवणाऱ्या सेटिंगला, अजून हात लावलेला नाही. पुढच्या आठवड्यात आधी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या रेघा, कारण काल कॅनव्हास न फिरवता त्या काढून पाहिल्या आणि ५० पैकी जेमतेम ९ ठीक निघाल्या.